घरची वाइन, कॅरिबियनची क्रूझ आणि सात दिवस कुलपात पडलेल्या चार बाटल्या

टर्मिनलवर एक्स-रेच्या पट्ट्यावरून आमची बॅग पुढे सरकली आणि तिथल्या माणसाने ती उचलून बाजूच्या टेबलावर ठेवली. तेव्हा मला जराही काळजी वाटली नाही. क्रूझ कंपनीचा नियम मला तोंडपाठ होता: २१ वर्षांवरच्या प्रत्येक प्रवाशाला वाइनची एक सीलबंद बाटली, ७५० मिलीची, तीही हातातल्या सामानात. आम्ही चौघं आणि बाटल्या चार. बुचं नीट ठोकलेली, वर लाल कॅप्सूल, म्हणजे बुचावर आवळून बसवायची प्लास्टिकची टोपी. त्याने एक बाटली दिव्याखाली धरली, लेबल वाचलं, मागची बाजू फिरवून पाहिली. मागे काहीच नव्हतं.

"ही कुठून घेतली?"

"घेतली नाही. मी घरी केलीय," मी सांगितलं.

त्याने बाटली खाली ठेवली आणि आपल्या साहेबबाईंना हाक मारली.

हा रिव्ह्यू मी मुख्यतः या एका गोष्टीसाठी लिहितोय. घरी वाइन करणारे आपले मराठी लोक इकडे अमेरिकेत बरेच आहेत, आणि आपली बाटली क्रूझवर न्यावी असं कधी ना कधी प्रत्येकाच्या मनात येतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण "सीलबंद वाइनची एक बाटली" हा नियम थोड्याफार फरकाने बऱ्याच कंपन्यांचा आहे. माझ्यासारखी फसगत कुठल्याही जहाजावर होऊ शकते.

आधी थोडं मागचं सांगतो. मी मूळचा पिंपळगाव बसवंतचा. आमची द्राक्षाची बाग. खरड छाटणी, गोडी छाटणी, फवारण्या, अवकाळीची धास्ती, निर्यातीच्या मालाचे मणी मोजणं, यात माझं लहानपण गेलं. पण द्राक्ष म्हणजे खायचं आणि विकायचं. आप्पा माळकरी, त्यामुळे घरात वाइन हा विषयच नव्हता. आता विंचूरला वाइन पार्क आहे, नाशिकच्या आसपास वायनरी आहेत, सुट्टीला गेलो की भाचे मला तिकडे घेऊन जातात. पण मी वाइन करायला शिकलो तो न्यू जर्सीत, एडिसनच्या घरी, शेजारच्या इटालियन आजोबांकडून.

आजोबा आता ७९ वर्षांचे आहेत. त्यांच्या तळघरात लाकडी पट्ट्यांचा आणि लोखंडी स्क्रूचा एक प्रेस आहे, त्यांच्या वडिलांचा. दर ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाच्या लोडायहून झिनफांडेल जातीच्या काळ्या द्राक्षांच्या पेट्या येतात, ३६ पौंडांची एक. मी पहिल्यांदा त्यांच्या ओट्यावर ती पेटी उघडली आणि घड हातात घेतला, तेव्हा नकळत देठ वाकवून पाहिला, जसा आमच्या बागेत पाहायचो. आजोबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "तुला हे आधीपासून येतं." त्या दिवसापासून दरवर्षी आम्ही दोघं मिळून वाइन करतो.

जी वाइन आम्ही जहाजावर नेली ती २०२१ सालची. झिनफांडेलच्या सहा पेट्या आणि रंगासाठी अलिकांते या गडद द्राक्षाची एक. रसातल्या साखरेचा अंदाज देणारा हायड्रोमीटर सुरुवातीला १.१००, आंबणं संपताना ०.९९५, म्हणजे अल्कोहोल १४ टक्क्यांच्या जरासं खाली. साली वर तरंगून त्यांचा जाड थर होतो, तो दिवसातून तीनदा खाली दाबायचा. त्या दिवसांत तळघराचं दार उघडलं की जो वास येतो तो मला आमच्या बेदाण्याच्या शेडची आठवण करून देतो. सात पेट्यांतून साधारण १७ गॅलन निघाली, म्हणजे ८५ बाटल्या. कायद्याने इथे घरी, फक्त घरच्या वापरासाठी, एका माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन करता येतात. विकता मात्र येत नाही. 

फेब्रुवारी २०२५ मध्ये आजी-आजोबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली. आजोबांना पूर्ण जन्मात क्रूझ घडली नव्हती. आम्ही दोघांनी आणि त्यांच्या मुलांनी मिळून ठरवलं: फोर्ट लॉडरडेलहून सात रात्री, बहामातलं कंपनीचं बेट, सेंट थॉमस, सेंट मार्टिन. आजोबांची एकच अट होती. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या जेवणाला टेबलावर आपली वाइन हवी. लेबलं आजीने स्वतः लिहिली, निळ्या शाईच्या पेनाने. वर ५०, खाली दोघांची नावं, त्याखाली १९७५ – २०२५. पाच लिहिली, चार चिकटवली, एक जास्तीचं पर्समध्ये ठेवलं.

निघायच्या तीन आठवडे आधी मी कंपनीला फोन केला. स्पष्ट विचारलं, घरी केलेली वाइन चालेल का? पलीकडच्या बाई गोड बोलल्या. बुच लावलेलं आहे ना, ७५० मिलीचीच आहे ना, मग वाइन ती वाइन, काही अडचण नाही. टेबलावर उघडायची असेल तर बाटलीमागे १५ डॉलर बुच उघडण्याचे द्यावे लागतील. मी म्हटलं, आनंदाने देईन. चूक केली ती इथे: हे बोलणं मी ई-मेलवर मागून घेतलं नाही.

विमानात कसलीच अडचण आली नाही. २४ टक्क्यांपेक्षा कमी अल्कोहोल असेल तर चेक-इनच्या सामानात वाइनला मर्यादा नाही, हा विमान वाहतुकीचा नियम आहे. बायकोने आईने शिवलेल्या जुन्या गोधडीत चारही बाटल्या गुंडाळल्या, वरून बबल रॅप लावला. नेवार्क ते फोर्ट लॉडरडेल, एक थेंब सांडला नाही. हॉटेलवर त्या हातातल्या बॅगेत काढून ठेवल्या. सकाळी पोर्ट एव्हरग्लेड्स, म्हणजे तिथलं क्रूझचं बंदर.

आता पुन्हा त्या टेबलापाशी येतो.

साहेबबाई आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, आम्हाला बाजूला घेऊन बोलल्या, याचं श्रेय त्यांना देतो. त्यांचं म्हणणं असं: आमच्याकडे सीलबंद याचा अर्थ कारखान्यात सीलबंद, आणि ते आम्ही लेबलवरून ओळखतो. दुकानातल्या प्रत्येक बाटलीवर कोणी भरली, कुठे भरली, अल्कोहोल किती हे असतं, आणि १९८९ पासून सरकारी इशारासुद्धा असतो, गरोदर बायकांसाठीचा आणि गाडी चालवण्याबद्दलचा. तुमच्या बाटलीवर यातलं काहीच नाही. आत काय आहे हे मी कशावरून समजू?

मी फोनचं सांगितलं. त्यांनी विचारलं, लेखी आहे? नव्हतं. आजोबा मागे खुर्चीवर बसले होते, पासपोर्ट हातात धरून. ते काही बोलले नाहीत. मला तो क्षण फार जड गेला.

बाईंनी दोनच वाटा ठेवल्या. बाटल्या इथेच टाकून द्या, नाहीतर टॅग लावून आम्ही जहाजावर कुलपात ठेवू आणि शेवटच्या दिवशी परत देऊ. मी दुसरी वाट घेतली. तीन प्रतींची पावती, केबिनचा नंबर, बाटल्यांच्या मानेला प्लास्टिकचे पिवळे टॅग. पावतीवर बारीक अक्षरात होतं की ठेवलेल्या मालाचं नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही. सही केली.

जहाजाबद्दल आता पटकन सांगतो, कारण तिथे तक्रार करण्यासारखं फार नाही. केबिन स्वच्छ, बाल्कनी आटोपशीर, झोप उत्तम. आजोबांना गुडघ्याचा त्रास आहे, तर तिसऱ्या मजल्यावरून जेवणाच्या हॉलपर्यंत लिफ्टने जाता येतं हे पाहूनच केबिन घेतली होती, आणि तो निर्णय बरोबर ठरला. सेंट थॉमसला टॅक्सीने डोंगरावर गेलो, खाली सबंध बंदर दिसतं, त्याच्यासाठी तरी ही सफर करावी. बायको शाकाहारी आहे. हेड वेटरला आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवशी डाळ, भाजी, भात मिळायचा, आणि डाळीला खरी जिऱ्याची फोडणी असायची. बुफेतली कॉफी पाणचट.

या सगळ्यात सर्वांत चांगलं काय, तर आमच्या टेबलाचा वेटर. मुलगा वेंगुर्ल्याचा निघाला. पहिल्या रात्री बायको माझ्याशी मराठीत बोलत होती, तो पाण्याचा जग घेऊन उभा होता, आणि एकदम म्हणाला, "काकू, तुम्ही नाशिककडच्या ना? 'र्‍हायलं' ऐकलं मी." त्यानंतर सातही रात्री आमचं जेवण घरच्यासारखं झालं. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, घरी आई आणि दोन कलमांच्या बागा. कोकणातली, गोव्यातली कितीतरी मुलं या जहाजांवर राबतात, आणि पाहुण्यांना जहाज आवडतं त्यातलं निम्मं श्रेय या मुलांचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

बाटल्यांची गोष्ट त्याला सांगितली तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला.

"काका, रागावू नका, पण त्या बाईंचं बरोबर आहे. एकदा टॅग लागला की ती बाटली आमच्या कोणाच्याच हातात राहत नाही. आणि जहाजावर घरचं काहीच चालत नाही. तुम्ही चकल्या आणल्यात तरी पाकीट कंपनीचं हवं. मागच्या काँट्रॅक्टला एका पाहुण्याने वाइनच्या बाटलीत रम भरून वर कॅप्सूल लावली होती. रात्री पिऊन जिन्यात पडला. डोकं फुटलं."

मग त्याने आणखी सांगितलं. अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या जहाजांची सीडीसीकडून, म्हणजे सरकारी आरोग्य संस्थेकडून, स्वच्छतेची तपासणी होते, न सांगता. १०० पैकी ८५ किंवा कमी गुण पडले की जहाज नापास, आणि तो निकाल सगळ्यांना वाचायला मिळतो. त्यामुळे खाण्यापिण्याच्या बाबतीत सगळे जीव मुठीत धरून असतात. बंद जागेत तीन हजार माणसं. एकाचं पोट बिघडलं की दुसऱ्या दिवशी शंभरांचं.

हे ऐकून माझा राग उतरला, निदान त्या नियमावरचा. मी स्वतः वाइन करतो, म्हणून मला ठाऊक आहे की घरच्या बाटलीचा भरवसा हा करणाऱ्यावरचा भरवसा असतो. साखर पूर्ण आंबली नसताना बाटली भरली तर ती गरम जागेत पुन्हा आंबायला लागते आणि बुच उडतं. वाइन टिकावी म्हणून सल्फाइट किती घातलं हे बाटली बघून कोणाला कळणार? कॅप्सूलही पुरावा नाही. ती प्लास्टिकची टोपी कुठल्याही वाइन साहित्याच्या दुकानात मिळते, किटलीच्या वाफेवर धरली की आवळून बसते, दोन मिनिटांचं काम. बाहेरून माझी बाटली आणि त्या रमवाल्याची बाटली सारखीच दिसते.

काही ओळखीच्या लोकांनी नंतर मला सुचवलं की दुकानातल्या बाटलीचं लेबल काढून आपल्या बाटलीवर चिकटवायचं, कोणी विचारत नाही. मी हे करणार नाही आणि कोणी करू नये असं मला मनापासून वाटतं. ज्या वाइनवर आजीच्या हातचं अक्षर आहे तिच्यावर दुसऱ्याचं नाव चिकटवून ती टेबलावर ठेवायची? मग ती नेण्यात अर्थच काय उरला?

माझी तक्रार दुसऱ्या जागी आहे. नियम छापताना "सीलबंद" एवढंच लिहिलंय. "दुकानात विकत घेतलेली, कारखान्याचं लेबल असलेली" हे पाच-सहा शब्द आणखी लिहिले असते, तर आम्ही बाटल्या घरीच ठेवल्या असत्या. फोनवरच्या माणसाला आपल्याच कंपनीचा नियम माहीत नसावा हे तर त्याहून वाईट. ७९ वर्षांच्या माणसाने एक इच्छा सांगितली होती, आणि ती मोडली ती नियमाने नाही, अर्धवट माहितीने.

वाढदिवसाच्या रात्री आम्ही जहाजाच्या यादीतून एक झिनफांडेल मागवली, ५८ डॉलर, वर १८ टक्के सेवाशुल्क. आजोबांनी ग्लास फिरवला, वास घेतला, एक घोट घेतला. "चांगली आहे," म्हणाले, आणि ग्लास खाली ठेवला. आजीने पर्स उघडली, ते पाचवं लेबल काढलं आणि मिठाच्या बाटलीला टेकवून उभं केलं. वेंगुर्ल्याच्या मुलाने ते पाहिलं. तो आत गेला, एक छोटं पांढरं काचेचं स्टँड घेऊन आला, मेनूकार्ड लावतात तसलं, आणि लेबल त्यात नीट बसवून टेबलाच्या मधोमध ठेवलं. कोणीही सांगितलं नव्हतं. आजोबा त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ बसले. मग मात्र त्यांनी ती वाइन संपवली.

शेवटच्या सकाळचा कारभार मात्र मला मुळीच आवडला नाही. जप्त केलेल्या आणि लोकांनी वाटेतल्या बंदरांवर विकत घेतलेल्या सगळ्या बाटल्या एकाच हॉलमध्ये, एकाच टेबलावरून परत देत होते. मी पावणेसातला रांगेत उभा राहिलो, बाटल्या हातात पडल्या तेव्हा आठ वाजायला पाच मिनिटं होती. पुढे बहुतेक लोक सेंट थॉमसची रम घ्यायला आलेले. आमचं विमान दुपारचं होतं म्हणून निभावलं, सकाळचं असतं तर बाटल्या सोडून पळावं लागलं असतं.

आमच्या चार बाटल्या एका खोक्यात उभ्या होत्या. चौथी उचलली तर बोटांना चिकट लागलं. कॅप्सूलच्या कडेने लाल रेघ खाली आली होती, आणि बुच आतून वर सरकल्यामुळे कॅप्सूलचा माथा टेंगळासारखा फुगला होता. आजीच्या अक्षरावरून वाइन ओघळून निळी शाई पसरली होती. ५० मधलं शून्य तेवढं शाबूत, १९७५ पूर्ण पुसलेलं. बाटली भरताना मी बुचाखाली अर्धा इंच जागा सोडतो, तेवढी साध्या खोलीत पुरते. बुच सरकलं याचा अर्थ बाटल्या कुठेतरी चांगल्याच गरम जागी होत्या. कुठे ठेवल्या होत्या असं विचारलं तर टेबलामागचा मुलगा म्हणाला, "खालच्या स्टोअरमध्ये." त्यापलीकडे त्याला काही माहीत नव्हतं, आणि ती त्याची चूकही नव्हती.

घरी आल्यावर मी कंपनीला सविस्तर लिहिलं: नियमात काय शब्द घालायला हवेत, फोनवरच्या लोकांना काय सांगायला हवं, आणि ठेवलेली वाइन थंड जागी आडवी ठेवा. अकरा दिवसांनी उत्तर आलं. दिलगिरी होती, पुढच्या सफरीसाठी ५० डॉलर होते, आणि बाटलीबाबतचा अंतिम निर्णय टर्मिनलवरच्या अधिकाऱ्यांचा असतो असं एक वाक्य होतं. नियमाचं पान मी काल पुन्हा उघडून पाहिलं. अजून "सीलबंद" एवढंच आहे.

तर, गुण द्यायचे झाले तर जहाज, केबिन आणि जेवण यांना पाचपैकी चार. टेबलावरच्या सेवेला पाचपैकी पाच, आणि ते सगळे त्या मुलाचे. वाइनच्या कारभाराला दीड. तो दीडही टर्मिनलवरच्या बाईंना, कारण त्यांना बाटल्या कचऱ्यात टाकायची मुभा होती आणि त्यांनी टाकल्या नाहीत.

ज्यांना टेबलावर स्वतः निवडलेली वाइन हवी असेल त्यांनी दुकानातली, लेबलवाली बाटली न्यावी, हातातल्याच सामानात, आणि १५ डॉलर भरून खुशाल उघडून घ्यावी. जहाजाच्या यादीतल्या भावांपेक्षा ते परवडतं. घरची बाटली न्यायची असेल तर आधी कंपनीकडून लेखी होकार घ्या, त्याचा कागद छापून खिशात ठेवा. होकार मिळाला नाही, आणि बहुधा मिळणार नाही, तर ती घरीच ठेवा आणि निघायच्या आदल्या रात्री उघडा. आम्ही तेच करायला हवं होतं.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही चौघं आजोबांच्या तळघरात बसलो. गळालेली बाटली आधी उघडायची असं त्यांनीच ठरवलं, कारण तिच्यात हवा गेली असणार, ती थांबणार नाही. मला वाटलं होतं आंबट झाली असेल. वास थोडा मंद झाला होता, पण तोंडात तीच, ऑक्टोबरची, सालींच्या कडवट टोकाची. आजी म्हणाली, लेबल नवीन लिहून देते. आजोबांनी मान हलवली. बाटली रिकामी झाल्यावर त्यांनी ती धुतली, पण लेबल ओलं होणार नाही अशी जपून, आणि वडिलांच्या प्रेसशेजारच्या फळीवर ठेवली. यंदाच्या पेट्यांची ऑर्डर तिथेच बसून दिली. सहा झिनफांडेल, एक अलिकांते.